नाना नेमके कुणाचे?

श्री. गजानन विष्णू आठल्ये, म्हणजे आम्हा सर्वांचे नाना, यांची आणि माझी ओळख पाण्यामुळे झाली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी नवीन पनवेलमध्ये बिऱ्हाड थाटले, तेव्हा आमच्या इमारतीत नळ होते, पण नळाला पाणी कधी येते हे कुणालाच नीट सांगता येत नव्हते. सामानाच्या खोक्यांमध्ये आम्ही नवरा-बायको हताश होऊन बसलो असताना दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. कमरेला सोवळे, कपाळाला गंध, अंगावर जानवे आणि हातात भरलेली कळशी. "पूजेआधी एक खेप तुमची," एवढेच म्हणून त्यांनी कळशी आमच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. सोवळ्यातला माणूस असा परक्याच्या घरात शिरत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.

परत जाताना त्यांची नजर एका उघड्या खोक्यावर गेली. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि वर लाल बावट्याच्या संघटनेचा कार्यकर्ता, त्यामुळे खोक्यात काय असणार ते उघडच होते. नानांनी एक जाडजूड पुस्तक हातात घेऊन पाहिले. "याचा पहिला खंड मी वाचलाय. आवडला. तिसऱ्यात माझी गाडी अडते. तुमची नाही ना अडत?" मी ठामपणे "नाही" म्हणालो. तिसरा खंड मी तोवर उघडलासुद्धा नव्हता. ते गेल्यावर बायकोला म्हणालो, "शेजार सनातन्यांचा मिळालाय, जरा जपून." त्याच सुमारास खालच्या मजल्यावर नाना आपल्या पत्नीला, म्हणजे मालतीवहिनींना, "वर नास्तिक राहायला आलेत, जरा जपून" असे सांगत होते, हे मला वहिनींकडून पुढे कळले. एकमेकांना पुरते न ओळखता एकमेकांची जात ठरवून टाकण्यात आम्ही दोघेही सारखेच तरबेज होतो.

नानांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि आप्तांनी पुष्कळ लिहिले असेल. मी त्यांचा विद्यार्थी नाही आणि आप्तही नाही. गेली दहा-बारा वर्षे त्यांच्याशी जवळजवळ प्रत्येक विषयावर भांडलेला शेजारी एवढाच माझा अधिकार. पण भांडणाऱ्याला माणूस जवळून दिसतो, असे मी मानतो, आणि नानांनाही ते मान्य असावे. कारण गौरव समितीने "प्रोफेसरांकडून लेख घ्यायचा का?" असे चाचरत विचारले, तेव्हा नाना म्हणाले, "घ्या की. निदान ते खोटी स्तुती तरी करणार नाहीत."

पनवेलच्या एका जुन्या शाळेत नानांनी आयुष्यभर विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतरही त्यांच्या गॅलरीत संध्याकाळी मुलांची शिकवणी भरत असे, आणि तिची फी म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी आपली पुस्तके ठेवून जाणे. देवघरातून उठलेला हा माणूस माकडापासून माणूस कसा झाला ते इतके रंगवून सांगे, की मला वरून ऐकताना हसू येई. एकदा मी डिवचलेच. म्हणालो, "नाना, सकाळी सूर्याला अर्घ्य देता आणि संध्याकाळी सूर्य हा वायूचा गोळा म्हणून शिकवता, हे कसं?" ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही बायकोच्या हातात पगार ठेवता तो तिचा चेहरा पाहून, की तिच्या हाडांची रचना आठवून?"

ग्रहणाची एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या सकाळी नानांचा कडक उपास होता. पाण्याचा घोटसुद्धा नाही. अशा कोरड्या घशाने ते गच्चीवर उभे राहून पुठ्ठ्याला भोक पाडून सूर्याची चंद्रकोर पांढऱ्या कागदावर कशी उमटते ते मुलांना दाखवत होते. तेवढ्यात कळले, की शेजारच्या इमारतीत एका गरोदर सुनेला सासूबाईंनी पडदे ओढून सकाळपासून उपाशी बसवून ठेवले आहे. नाना तसेच खाली उतरले आणि त्या बाईंच्या दारात जाऊन म्हणाले, "काकू, ग्रहण पाळायला मी आहे ना? माझा उपास चालू आहे, तो तुमच्या घरासाठीही धरा. सूनबाईंना आधी वाढा." सासूबाईंना हा सौदा पटला. सुनेचे जेवण झाले आणि तिने गच्चीवर येऊन ग्रहणही पाहिले. आमच्या संघटनेने या विषयावर पत्रके काढली असती, व्याख्याने ठेवली असती आणि तोवर ती पोर बाळंत होऊन घरी आली असती.

पत्रकांवरून आठवले. निवडणुकीच्या हंगामात नानांच्या घरी येणारे प्रत्येक पत्रक ते शाळेच्या उत्तरपत्रिकेप्रमाणे तपासत. पटलेल्या मुद्द्यासमोर बरोबरची खूण, न पटलेल्यावर फुली, आणि समासात शेरा: "पहिल्या कलमात दिलेले वचन चौथ्यात विसरला आहात." मग तो कागद ते ज्याच्या त्याच्या कचेरीत स्वतः नेऊन देत. परिणाम असा, की सगळेच पक्ष त्यांना आपले समजू लागले, कारण प्रत्येकाला स्वतःच्या पत्रकावरच्या बरोबरच्या खुणा तेवढ्या दिसल्या. खादी घालतात म्हणून खादीवाले खूश होते. नानांना विचारले तर म्हणत, "इथल्या घामाला दुसरं कापड चालत नाही." गंध लावतात म्हणून भगवे झेंडेवाले निश्चिंत होते. सरकारने कारखाने चालवू नयेत असे म्हणत म्हणून व्यापारी त्यांना सभेला बोलवत, आणि तिथे जाऊन ते वीटभट्टीवरच्या मजुरांच्या हजेरीविषयी असे काही विचारत, की पुढच्या सभेचे बोलावणे येत नसे. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेला हा माणूस दारूबंदीच्या विरोधात होता, आणि ईदला शेजारच्या उस्मानचाचांकडे शिरखुर्म्याच्या दोन वाट्या संपवून घरी येऊन संध्येला बसत असे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या सोसायटीच्या मागे मोकळी जागा आहे आणि तिच्यापलीकडे टेकडीच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी आहे. वाडीतली माणसे पिढ्यान् पिढ्या जिथून पनवेलला उतरत, ती पायवाट नेमकी आमच्या आवारातून जाते. आमच्या इमारती नंतर आल्या. पण नव्याण्णव टक्के रहिवाशांच्या मनात ती वाट "आपल्या" जागेतून जाणारी होती. दोन-चार सायकली आणि वाळत घातलेले कपडे चोरीला गेले, तेव्हा बोट आपोआप वाडीकडे वळले. आमचे सेक्रेटरी श्री. कर्णिक यांनी कमिटीची बैठक घेतली आणि मागच्या बाजूला सलग भिंत घालण्याचे एकमताने ठरले. तशी सूचना जिन्यात लागली.

ठमाबाई त्या वाडीतल्या. टोपलीत रानभाज्या, कधी लाकडांची मोळी घेऊन आमच्या दारावरून जात. त्यांची मुलगी मंजुळा वाडीतून शाळेत जाणाऱ्या मोजक्या मुलींपैकी एक. ठमाबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, भित घातली तं आमाला हायवेवरून फिरून जावा लागंल. तिकरं खडीच्या गाड्या धावतान. मी पोरीला तिकरून धाडनार नाय. तिची शाळा सुटली समजा." त्यांनी रडगाणे गायले नाही. बाजारभाव सांगावा तसे सांगून त्या निघून गेल्या. मंजुळा तेव्हा चौथीत होती.

माझे रक्त तापले. नाना कमिटीवर होते आणि सूचनेत "एकमताने" लिहिले होते, तेव्हा त्यांचाही हात वर गेला असणार हे मी गृहीत धरले. बैठकीच्या दिवशी ते लेकीकडे चिपळूणला होते, ही चौकशी करायची बुद्धी मला झाली नाही. सोवळेवाला माणूस कातकऱ्यांच्या वाटेसाठी कशाला उभा राहील, असे माझे शास्त्र सांगत होते. गवंडी गुरुवारी सकाळी येणार असे कळल्यावर मी त्याच सकाळी मोर्चा काढायचे ठरवले आणि नानांना त्याचा वाससुद्धा लागू दिला नाही.

गुरुवारी वाडीतली बायामाणसे, भट्टीवरचे मजूर आणि आमची संघटनेची पोरे असे आम्ही लाल बावटे घेऊन वाटेने खाली उतरलो. वळणावर आलो आणि पाहतो तो काय, ज्या जागी पाया खणायचा तिथे, वाटेच्या अगदी तोंडावर, केळीचे खांब उभे केलेले. मध्ये चौरंग, कलश, फुलांची आरास. पाटावर सोवळे नेसून नाना आणि शेजारी मालतीवहिनी. समोर भटजी पोथी वाचताहेत. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भिंतीचे भूमिपूजन! धर्माचा असा उपयोग होतो हे मी वर्गात इतकी वर्षे शिकवत होतो, आणि उदाहरण माझ्या खालच्याच मजल्यावर राहत होते.

मी आवाज चढवून घोषणा दिली, "भूमिपूजनवाल्यांचा धिक्कार असो." भटजी दचकले आणि त्यांचे पान हरवले. नानांनी माझ्याकडे पाहिले आणि मधल्या ओळीत बोलणाऱ्या पोराला गप्प करावे तसा हाताचा तळवा नुसता वर केला. कथा चालू असताना यजमानाला बोलता येत नाही. मी दुसरी घोषणा दिली, तेव्हा मागून साथ आली नाही. वळून पाहतो, तर वाडीतल्या बाया हात जोडून खाली बसल्या होत्या. भट्टीवरच्या मजुरांनी डोक्यावरची फडकी सोडली होती. बावटा धरलेल्या आमच्या पोराने तो केळीच्या खांबाला टेकवून नमस्कार केला. क्रांतीच्या बाजूने उभा असा मी एकटाच उरलो, आणि एकट्याने उभे राहणे फार वेळ बरे दिसत नाही, म्हणून मीही बसलो.

एवढ्यात कर्णिक गवंड्याला घेऊन आले. पूजा पाहून त्यांनी आधी हात जोडले, मग बावटे पाहून सोडले, मग पुन्हा जोडले. गवंड्याने चपला काढल्या आणि तो सरळ बायांच्या मागे जाऊन बसला. कर्णिकांच्या पत्नी आरतीचे ताट घेऊन आधीपासून तिथेच होत्या. सत्यनारायण मोडून पाया खणा, असे सांगायची कुणाची छाती होती? कथेचे अध्याय नानांच्या सांगण्यावरून सावकाश वाचले गेले, मग आरत्या झाल्या, मग प्रसाद. ऊन कलले. गवंड्याचा दिवस भरला आणि भिंतीची एक वीटही लागली नाही.

आता माझ्या डोक्यात खरा उजेड पडला. पूजा भिंतीची नव्हतीच, ती वाटेची होती. नाना माझ्याकडे येत म्हणाले, "प्रोफेसर, तुम्ही देवाचं खाणार नाही म्हणून हिने तुमच्या लोकांसाठी वेगळा चिवडा करून ठेवलाय." माझे लोक तेव्हा शिऱ्याच्या दुसऱ्या द्रोणावर होते आणि मीही एक संपवला होता. तूप भरपूर होते, हे मान्य करायला हवे. मी विचारले, "मला आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही मोर्चा काढला असतात आणि कर्णिक हट्टाला पेटले असते." "आणि तुम्ही मला का नाही सांगितलंत?" असे त्यांनी विचारले नाही, पण चेहऱ्यावर होते. ठमाबाई आम्हा दोघांकडेही गेल्या होत्या आणि एकाचे दुसऱ्याला कळू दिले नव्हते. त्यांना जाब विचारला, तर द्रोण पुसत म्हणाल्या, "तुमी दोगं भांडता. येकाला सांगितला का दुसरा उलटा फिरतो. म्हनून येगयेगला सांगितला."

मी नानांना म्हणालो, "म्हणजे शेवटी तुम्हीही समतेच्याच बाजूने." ते जवळजवळ चिडले. "समता वगैरे तुमचं. मला माझ्या आईने सांगितलं होतं, की वाहतं पाणी आणि चालती वाट अडवू नये. अडवणारा पुढल्या जन्मी बाभळ होतो."

"नाना, पुढला जन्म नसतो."

"नसला तर फारच बरं. पण वाट याच जन्मातली आहे ना?"

भिंत त्या दिवशी टळली, पण प्रश्न मिटला नव्हता. काम तोवर थांबवून पुढच्या रविवारी सोसायटीची खास सभा झाली. तीत कर्णिकांनी चोऱ्यांचा पाढा वाचला आणि मग नानांकडे वळून, खरोखर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "नाना, तुम्ही आपल्यातले. आणि तुम्हीच बावटेवाल्यांना जाऊन मिळालात?" तिकडे आमची तरुण मंडळीही माझ्यावर घसरली होती, की सर सत्यनारायणाला बसलेच कसे. दोन्हीकडच्यांना एकच प्रश्न पडला होता: हा माणूस नेमका कुणाचा? नाना उठले. "मी कुणातला, हे ठरवायला हवं तर वेगळी सभा घ्या. मी येईन. आजच्या सभेपुढे विषय भिंतीचा आहे." मग त्यांनी आपली सूचना मांडली. भिंत घाला, चोरीची भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण वाटेच्या जागी फट सोडा, आणि ती एवढी रुंद, की डोक्यावर मोळी घेतलेली बाई अंग न वळवता जाईल. तिथे दिवा लावा. संध्याकाळी मी खुर्ची टाकून बसेन.

सभेत बराच गोंधळ झाला. त्या गोंधळात कर्णिकांच्या पत्नी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "जिथे सत्यनारायण झाला तिथे आता भिंत कशी घालायची? मला तरी नाही चालणार." जे युक्तिवादाने वळले नव्हते ते या वाक्याने वळले. जे या वाक्याने वळणारे नव्हते, त्यांच्यासाठी मी घटना, कायदा आणि वहिवाटीचा हक्क यांवर बोललो. हात मोजले, तेव्हा थोडक्यात का होईना पण फट राहिली. कुठला हात कुठल्या कारणाने वर गेला हे त्या दिवशी कुणी विचारले नाही. सोमवारी सकाळी मंजुळा पाटी-दप्तर घेऊन तिथून शाळेत गेली. यंदा ती आमच्याच कॉलेजात अकरावीत आहे आणि अर्थशास्त्रात मला नको ते प्रश्न विचारते.

नानांच्या मायेविषयी एकच सांगतो. प्राध्यापकांच्या संपात मी अडकलो आणि घरातली चूल कशीबशी पेटत होती, तेव्हा महिनाभर रोज दुपारी नाना डबा घेऊन वर येत. शिक्षकाने संप करणे हे पाप, असे त्यांचे स्वच्छ मत. मी जेवत असताना ते समोर बसून ते मत मला सविस्तर ऐकवत. भाजी वाढत, संपाला नावे ठेवत, पुन्हा भाजी वाढत. एकदा मी वैतागून म्हणालो, "पटत नाही तर डबा कशाला आणता?" ते गोंधळले आणि त्यांनी पुन्हा भाजी वाढली. मत न पटणे आणि माणूस उपाशी राहणे या दोन गोष्टींचा संबंध काय, हे त्यांना खरेच कळले नव्हते. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी जे वाटले ते प्रेम होते, दुसरा शब्द नाही.

गौरव समितीच्या बैठका गेले तीन महिने चालू आहेत आणि त्यांतल्या निम्म्या एकाच गोष्टीवर खर्ची पडल्या. ग्रंथातल्या छायाचित्राखाली नानांचे वर्णन काय करायचे? कुणी "हिंदुत्वनिष्ठ", कुणी "पुरोगामी", कुणी "गांधीविचारांचे", तर एका व्यापारी मित्राने "मुक्त अर्थव्यवस्थेचे पुरस्कर्ते" असे सुचवले. प्रत्येकाकडे पुरावा होता आणि प्रत्येकाचा पुरावा खरा होता. बावटेवाल्यांच्या वतीने मीही एक शब्द पुढे केला, नाकारत नाही. शेवटी कंटाळून मी वाडीत ठमाबाईंना समारंभाचे आमंत्रण द्यायला गेलो आणि त्यांनाच विचारले, की नानांना काय म्हणायचे. त्या म्हणाल्या, "आमी काय बोलनार? नाना हाय तवर वाट हाय, येवरा ठावं."

त्यांचे म्हणणे उगाच नव्हते. लोकल पनवेलपर्यंत आल्यापासून जागांचे भाव चढले आहेत, सोसायटीत नवे बिऱ्हाडकरू आले आहेत, आणि त्या फटीला कुलुपाचे फाटक बसवावे असा अर्ज कमिटीपुढे पुन्हा पडला आहे. नाना अजून संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतात. त्यांच्या गुडघ्यांनी आता उठताना कुरकुर करावी हे स्वाभाविक आहे, पण सभा म्हटली की ते सर्वांच्या आधी हजर असतात.

ठमाबाईंचे शब्द मी त्यांना आनंदाने सांगितले, तर ते खूश झाले नाहीत. खुर्ची वाटेकडे वळवून बसले. मग म्हणाले, "हे बरं नाही, प्रोफेसर. माझ्या जिवावर टिकणारी वाट म्हणजे उद्या बंद होणारी वाट. तुमच्या त्या लेखात मला दीर्घायुष्य वगैरे चिंतू नका. वाटेला चिंता."

नाना, आजवर तुमचे फार थोडे ऐकले आहे, तेव्हा हेही पुरते ऐकणार नाही. फाटकाच्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत या वेळी पहिली सही माझी आहे, आणि दुसरी कर्णिकांची. वाटेला आयुष्य चिंततोच. ती इतकी जुनी होवो, की कुणाच्या काळात कोण तिच्यासाठी भांडले हे पनवेलात कुणाला आठवू नये, विचारावेसेही वाटू नये. आणि तो दिवस येईपर्यंत तुम्ही धडधाकट आमच्यात असा.